एकसष्ट अंकांनी

व्हर्लीन आत्याने फोन स्पीकरवर ठेवला
आणि बँकेच्या बाईला माझ्या नावाचं स्पेलिंग सांगितलं,
दोनदा, एकेक अक्षर सुटं करून,
जणू शाळेत नाव घालायला आली होती.

मी एकवीस वर्षांची.
टोलेडोत तीन घरमालकांनी तीन आठवड्यांत नकार दिलेला.
कर्ज बुडवलं म्हणून नव्हे,
कधी घेतलंच नाही म्हणून.
जिने कुणाचं काही देणं लागलेलं नाही
तिचा भरवसा धरायचा कसा,
असा त्यांचा हिशेब.

आत्याचं कार्ड सत्त्याऐंशी सालचं,
काचेच्या कारखान्यात रात्रपाळी पक्की झाली त्या वर्षीचं.
संपात, घटस्फोटात,
बर्फावरून गाडी खड्ड्यात गेली त्या हिवाळ्यातही
एक बिल थकलं नव्हतं.
"माणसं चुकली," ती म्हणायची, "तारीख नाही."

माझ्या नावाचं कार्ड टपालाने आलं.
तिने ते मला दाखवलं,
कात्रीने मधोमध कापलं
आणि तुकडे कॉफीच्या चोथ्यात टाकले.
"हे वापरायचं नसतं, ओडेट. फक्त असायचं."

दोन महिन्यांनी माझी फाईल उघडली
तर तीत माझ्या जन्माआधीची नऊ वर्षं
जमा होऊन बसलेली.
सातशे चार.
पत म्हणे कमवावी लागते;
माझी आंदण आली.
ऐपत नव्हती, पत होती.
कोवाल्चिकने दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली, हात पुढे केला,
आणि मला वाटलं, हा माझ्या हाताला धरून
आत्याचं भाजलेलं मनगट हलवतोय.

पाच वर्षं.
मग एका मंगळवारी लाँड्रीत,
कपडे फिरत असताना फोन थरथरला:
तुमचा स्कोअर एकसष्ट अंकांनी घसरला आहे.
मी काही घेतलं नव्हतं.
माझं होतं ते सगळं भरलेलं.
बोटाने यादी खाली खाली नेली
आणि तिथे ती ओळ, सगळ्यात जुनी:
मर्यादा नऊ हजार, बाकी आठ हजार सातशे.
जिथे एरवी चाळीस डॉलर असायचे,
पेट्रोलचे आणि लॉटरीच्या एका तिकिटाचे.

आत्या सांगणाऱ्यांतली नव्हे.
पोटात कळ आली तरी हवेला दोष देणार.
चर्चमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, शेजारणीला नव्हतं,
माझ्या बापाला तर नव्हतंच.
चहाडी केली ती कार्डाने.

"गाठ आहे," ती म्हणाली. "लहानशी.
औषधंच तेवढी मोठी आहेत."
आणि मी काही बोलायच्या आत:
"बँकेला फोन कर, नाव काढून घे.
दोन मिनिटांचं काम. तुझा आकडा परत वर येईल.
माझ्या पोटातलं तुझ्या फाईलवर कशाला?
कायद्याने तू एक सेंटही देणं लागत नाहीस."

खरं होतं. कायद्याने.

मी फोन केला. बराच वेळ सनई-बिनई नव्हे, कसलीशी पियानोची टुणटुण.
मग एक मुलगा, तोंडात च्युइंगम:
"नाव काढायचंय का, मॅडम?"
"नाही. बिल भरायचंय. थोडं."
"पण तुम्ही नुसत्या अधिकृत वापरकर्त्या आहात.
भरायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही."
"ठाऊक आहे."
"शिवाय तुम्ही हे कार्ड कधी वापरलेलं दिसत नाही."

आता त्याला काय सांगू
की गेली पाच वर्षं
मी दुसरं काय वापरत होते.

दोनशे डॉलर. आकडा जागचा हलला नाही.
रविवारी सूप घेऊन गेले तर आत्या धुमसत बसलेली,
डोक्याला रुमाल, मांडीवर बँकेचा कागद, माझ्याशी अबोला.
अर्धा वाडगा संपेस्तोवर चमचाच तेवढा वाजत राहिला.
मग वर न बघता म्हणाली,

"तारखेच्या आत भरलंस ना?"